बार्ली क्लोजमधले शेवटचे घर

मी, हिल्डा मेबल ट्रँटर, माहेरची गॉसेज, वय वर्षे एक्याऐंशी, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, राहणार १४, बार्ली क्लोज, स्टॅनिंगफोर्ड न्यू टाऊन, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. बुद्धी जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शरीराबद्दल त्याच डॉक्टरांनी वसंतापर्यंतची मुदत दिली आहे. माझे पती हयात असताना केलेले आधीचे मृत्युपत्र यापुढे रद्द समजावे.

वकीलबाई म्हणाल्या, "कोणाला काय द्यायचं तेवढंच इथे लिहा. बाकीचं मनातलं वेगळ्या पत्रात लिहून ठेवा."

मी म्हटले, "बाई, पत्रांचं आमच्या घराण्यात काय होतं ते तुम्हाला माहीत नाही. सगळं इथेच राहू दे."

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी रोझलिन बेक हिने करावी. तिने घाईने काही टाकून देऊ नये. तिला ती खोड आहे.

२. स्वयंपाकघरातले सर्व काही, मोठ्या पातेल्यासह, रोझलिनला. पातेले तिला नको असल्यास तिने तसे आताच सांगावे, म्हणजे मी दुसरीकडे देईन. कपडे चर्चच्या दुकानात द्यावेत. हिरवा कोट देऊ नये. तो अंगावर घालूनच मला न्यावे.

३. दिवाणखान्यातले भिंतीवरचे घड्याळ माझे वडील एझ्रा गॉसेज यांचे. ते पोस्टमन होरेस स्नेलिंग यांची नात मॅरियन हिला द्यावे. मॅरियनने मला आयुष्यात दोनदा पाहिले असेल. हे घड्याळ आपल्याकडे का आले, असे तिला वाटेल, म्हणून कारण लिहिते.

आज जिथे बार्ली क्लोज, नाईन एकर्स आणि पाँड लेन हे रस्ते आहेत तिथे आमचे शेत होते. आमच्या शेतांची नावे रस्त्यांना दिली. आमचे नाव कुठेच दिले नाही. १९५४ साली न्यू टाऊनसाठी जमीन घेण्याचे कागद आले. हरकत असेल त्याने अमुक तारखेच्या आत लेखी कळवावे, असे त्यात होते. बाबांना लिहिण्याची सवय नव्हती. तीन रात्री बसून त्यांनी चार पाने लिहिली, निळ्या पाकिटात घातली आणि मला म्हणाले, "हिल्डा, गावात जाशील तेव्हा हे टाक. विसरू नकोस हं, बाळा."

मी विसरले नाही. मी ते टाकलेच नाही.

मी सोळा वर्षांची होते. पाणी विहिरीवरून यायचे, संडास अंगणापलीकडे होता, आणि माझ्या केसांना शेणाचा वास येतो असे शाळेतल्या मुली तोंडावर म्हणत. नव्या गावात दिव्यांचे रस्ते येणार होते, सिनेमा येणार होता, घराघरात गरम पाण्याचे न्हाणीघर येणार होते. ते पाकीट मी मोज्यांच्या खणात ठेवले आणि तारीख जाऊ दिली.

जून महिन्यात गावच्या सभागृहात सुनावणी झाली. बाबा रविवारचा सूट घालून शेवटच्या रांगेत बसले. मी चहा द्यायला होते. हरकत घेणाऱ्या एकेका शेतकऱ्याचे नाव पुकारले जाई, तो उठे, हवे ते बोले, आणि साहेब ते लिहून घेत. नावे संपली. बाबा उभे राहिले.

"साहेब, माझं नाव राहिलं."

साहेबांनी कागद चाळले. माणूस उद्धट नव्हता. म्हणाले, "तुमचा अर्ज आमच्याकडे आलेला नाही, मिस्टर गॉसेज."

बाबा खाली बसले. परतीच्या वाटेवर त्यांनी एकदाच विचारले, "टाकलं होतंस ना?"

"हो."

"मग त्या स्नेलिंगनं हरवलं."

त्या दिवसापासून त्यांनी होरेस स्नेलिंगला फाटकाच्या आत पाऊल टाकू दिले नाही. भर बाजारात त्याला चोर म्हणाले. निम्म्या गावाने ते खरे मानले. तो बिचारा पुढे त्या फेरीवरून बदली मागून गेला. त्याने एकही पत्र हरवले नव्हते. ज्या शेतकऱ्यांची हरकत ऐकली गेली त्यांच्याही जमिनी गेल्याच, हे मला ठाऊक आहे. पण त्यांचे कोणीतरी ऐकले होते. मॅरियन, तुझ्या आजोबांवरचा तो डाग माझा होता.

४. माझे पती सिरिल ट्रँटर हे गवंडी होते. त्यांची थापी, ओळंबा, हातोडी आणि पिशवी ओवेन प्राइस याला द्यावी. तो त्यांच्या हाताखाली शिकला आणि सहासष्टाव्या वर्षीही भिंती रचतो आहे. आमची रांग पाडून नवी घरे बांधायची आहेत, त्या पुनर्विकासाच्या विक्री कार्यालयातल्या एका तरुणाने ही हत्यारे काचेच्या कपाटात मांडायला मागितली होती. "पहिल्या पिढीच्या कारागिरांना मानवंदना," असे तो म्हणाला. मी विचारले, "त्यांनी रचलेली भिंत तुम्ही पाडणार, आणि थापी कपाटात ठेवणार?" तो हसला. त्याला देऊ नयेत.

सिरिल लंडनहून बांधकामावर आला होता. बाबांना जमीन सोडून दोन वर्षे झाली होती, तरी ते रोज सकाळी येऊन कामाच्या कडेला उभे राहत. गवंडी त्यांना चहा देत. बाबा घेत नसत. १९५६ च्या नोव्हेंबरात एका सकाळी ते कडेला दिसले नाहीत. आज जिथे पाँड लेन आहे तिथले गाईंचे तळे बुजवायचे काम त्या दिवशी सुरू होणार होते. सिरिल पाण्यात उतरला आणि त्याने त्यांना बाहेर काढले. खिशात दगड नव्हते. पाय घसरला असेल, असे चौकशीत ठरले. मी त्याविरुद्ध काही बोलले नाही. गप्प राहणे मला जमत होते.

सिरिलने त्यांना आपल्या कोटात गुंडाळून आणले होते. आठवड्याने मी तो कोट धुऊन परत करायला गेले. दीड वर्षाने आम्ही लग्न केले. बांधकामावरच्या माणसांना घर मिळत असे. आम्हाला मिळाले ते हे, आमच्याच सातूच्या, म्हणजे बार्लीच्या, शेतात, त्याच्याच हाताने रचलेले. न्हाणीघर होते. गरम पाणी होते. पहिल्या दिवशी मी टबात बसले आणि पाणी थंड होईपर्यंत रडले.

५. माझा थोरला भाऊ अँब्रोज गॉसेज, राहणार स्पाल्डिंग. त्याला माझ्याकडून काही नको आहे, तसे त्याने सांगितले आहे. तरीही त्याचे कलम हवे.

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तो म्हणाला होता, "बापाच्या छाताडावर विटा रचणाऱ्याच्या घरात नांदणार तू? खुशाल नांद. मला बहीण नाही." त्यानंतर एकसष्ट वर्षे तो माझ्याशी बोलला नाही. सिरिलच्या अंत्यविधीला आला नाही. मी ते योग्यच समजत आले, कारण त्याला माहीत होता त्याहून माझा गुन्हा मोठा होता.

यंदाच्या ऑगस्टमध्ये, डॉक्टरांनी मुदत सांगितल्यावर, रोझलिन मला गाडीने त्याच्याकडे घेऊन गेली. तो खिडकीशी बसला होता, नाकात नळी.

"हिल्डे, म्हातारी झालीस की गं."

"तू काय पाळण्यात आहेस?"

मी निळे पाकीट त्याच्या मांडीवर ठेवले आणि सगळे सांगितले. त्याने पाकिटाकडे पाहिलेही नाही.

"मोज्यांच्या खणात होतं," तो म्हणाला. "डाव्या कोपऱ्यात."

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"मुदतीला दोन दिवस होते तेव्हा. मी तुझ्याकडे चोरून ठेवलेल्या सिगारेटी शोधत होतो. पाकीट हातात घेतलं. सायकलवर गेलो असतो तर दहा मिनिटांचं काम. मग होतं तसं परत ठेवलं."

"का रे?"

"पहाटे चारला उठून दूध काढायचं नव्हतं मला. वीस वर्षांचा होतो. शहर आलं की गाई जातील, एवढंच दिसत होतं."

"मग इतकी वर्षं माझ्यावर का राग धरलास?"

"कोणावर तरी धरायला हवा होता ना." त्याने नाकातली नळी नीट बसवली. मग म्हणाला, "तू गवंड्याशी लग्न केलंस, ते मला बरंच पडलं. एक कारण मिळालं."

हे मृत्युपत्रात लिहू का, असे मी निघताना विचारले. तो म्हणाला, "लिही. दोघांचंही लिही. एकटीनं भाव खाऊ नकोस."

ते पाकीट न फोडता जिल्ह्याच्या दप्तरखान्यात द्यावे, आणि १९५४ च्या हरकतींच्या बस्त्यात बाकीच्या शेतकऱ्यांच्या अर्जांसोबत ठेवावे, अशी विनंती करावी. नियमात बसत नाही म्हणाले, तर रोझलिनने पुन्हा जावे. पुन्हा नाही म्हणाले, तर पुन्हा जावे.

६. शेजारीण आयव्ही पेटिफर हिच्यासाठी आधीच्या मृत्युपत्रात माझी पोवळ्यांची माळ ठेवली होती. आयव्ही आता नाही. पन्नास वर्षे आमच्या दोघींच्या कुंपणात एक फळी मुद्दाम काढलेली होती. कारखाने बंद झाले, चौकातली दुकाने एकेक करून लाकडी फळ्यांनी ठोकली गेली, भुयारी वाटेतून दिवसाही कोणी जाईना, तरी आम्ही त्या फटीतून अंग चोरून ये-जा करत होतो. गेल्या वर्षी तिने घर सोडण्याच्या कागदावर सही केली. तिला वीस मैलांवर, चौथ्या मजल्यावर छान जागा मिळाली. फोनवर म्हणायची, "हिल्डा, इथे सगळं नवीन आहे गं. कोणाला हाक मारायची तेच कळत नाही." अकराव्या आठवड्यात गेली. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार असे लिहिले आहे. माळ तिच्या मुलीला द्यावी.

७. घर.

बार्ली क्लोजमधल्या बावीस घरांपैकी एकवीस रिकामी आहेत. खिडक्यांना पत्रे ठोकले आहेत. मी गेली दोन वर्षे सही केलेली नाही. माझी हरकत मी स्वतःच्या पायांनी कचेरीत नेऊन दिली आणि पोच घेतली. सुनावणीत मला बोलू दिले. माझे बोलणे सगळ्यांनी शांतपणे ऐकले, आणि मग ठरले होते तेच ठरले. त्याविरुद्धचा माझा खटला वरच्या कोर्टात अजून पडून आहे. तो संपेपर्यंत मला कोणी हलवू शकत नाही. वसंतापर्यंत तो संपणार नाही. म्हणजे मी याच घरात, सिरिलच्या भिंतींच्या आत, मरू शकले असते.

समोरच्या तीन मजली इमारतीत टॅम्सिन वेल्श राहते. वय सत्तावीस, पदरात चार वर्षांची आयला. त्या इमारतीतल्या लोकांची नवी घरे आमच्या रांगेच्या जागेवर बांधायची आहेत, आणि रांग माझ्यामुळे अडली आहे. सप्टेंबरात ती दारात आली. मला वाटले भांडायला आली. ती म्हणाली, "हिल्डाआजी, जरा वर येऊन बघाल का?"

मी जिने चढून गेले. दर पायरीवर थांबत गेले. पोरीच्या पलंगामागची भिंत छतापर्यंत काळी होती. टॅम्सिन दर रविवारी पुसते, बुधवारपर्यंत ते काळे पुन्हा येते. आयला झोपली होती. तिच्या श्वासाचा आवाज मला दारातून ऐकू आला.

"मला तुमच्याशी वाईट बोलायचं नाहीये," टॅम्सिन म्हणाली. "पण तुमच्याकडे आठवणी आहेत आजी, माझ्याकडे बुरशी आहे."

मला राग आला होता, कारण तिचे खरे होते. गेल्या मंगळवारी आयलाला रुग्णवाहिकेतून नेले. ओठ निळे पडले होते. ती परत आली आहे. पुढच्या वेळी काय होईल, ते टॅम्सिनला माहीत नाही.

रोझलिन म्हणाली, "आई, तू वसंतापर्यंत थांब. तुझ्या मागे मी करीन सही."

ती प्रेमाने म्हणाली. पण हिवाळा मधे आहे. आणि आईने काय केले, याचे ओझे मुलीने वाहावे, हे मला नको आहे.

म्हणून लिहून ठेवते की आज सकाळी याच टेबलावर, हे मृत्युपत्र लिहिण्याआधी, मी घराच्या कागदांवर सही केली आहे. शुक्रवारी मी वृद्धाश्रमात जाईन. घराचे जे येईल ते रोझलिनला. टॅम्सिनला मी काही ठेवलेले नाही; मी विचारले तेव्हा ती "फक्त घर द्या" म्हणाली होती, आणि ते देण्याजोगे होते तेवढे दिले. मला बरे वाटत नाही. मी हे चांगुलपणाने केले असे अंत्यविधीच्या वेळी कोणी म्हणू नये.

८. अंत्यविधीला भाषणे नकोत. राख सिरिलशेजारी पुरावी. पाँड लेनकडे नेऊ नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

सही: हिल्डा एम. ट्रँटर

आम्हा दोघींच्या समक्ष, एकाच वेळी, त्यांनी सही केली. हात कापत होता म्हणून आम्ही टेबल धरले होते. हात धरला नाही.

साक्षीदार: १) लेस्ली ऑर्म, परिचारिका
२) टॅम्सिन वेल्श, राहणार समोर

ठिकाण: १४, बार्ली क्लोज, स्टॅनिंगफोर्ड. पत्रव्यवहारासाठी हा पत्ता शुक्रवारपर्यंतच चालेल.
तारीख: २१ ऑक्टोबर २०१९