आईने निवडलेला लॅपटॉप

प्रिय आ-यिंग,

कागदावरचं पत्र बघून दचकू नकोस. घर जागेवर आहे, स्वयंपाकघरात गळायचं तेवढंच गळतंय, आणि कीलुंगमध्ये पाऊस आहे हे तुला वेगळं सांगायला नको. फोनवर बोलावं तर तुझी आई स्पीकर लावून मधे बसते, आणि घरच्या ग्रुपवर काही लिहावं तर माझं बोट उचलायच्या आत ती वाचून मोकळी होते. म्हणून पोस्टाच्या शेजारच्या चहाच्या दुकानात येऊन बसलोय. मासे आणायला जातो असं सांगून निघालो, तेव्हा परतताना मासेही घ्यायला हवेत. आयुष्यभर टगबोट चालवली, मोठमोठी जहाजं ढकलून धक्क्याला लावली, पण सलग एवढं कधी लिहिलं नाही. अक्षर लागलं नाही तर योनासला नको विचारूस, तुझ्या त्या परदेशी नवरदेवाला आपलं छापलेलंही वाचता येत नाही.

आधी मोठी बातमी. आईने नवा लॅपटॉप घेतला. तू मागे टाकून गेलेला जुना तिने इतकी वर्षं ओढला. नुसते फोटो होते तोवर तो बिचारा तग धरून होता. पण तिने घारींचे व्हिडिओ करायला घेतले आणि त्याचा जीव घाबरा झाला. एक तुकडा कापून दुसऱ्याला जोडायचा म्हटला की चित्र गोठायचं, पंखा गरगरायचा, आणि शेवटी सगळं काळं होऊन बंद. आई त्याच्या पाठीवर थोपटायची, दवाखान्यात रडणाऱ्या पोरांना थोपटायची तशी. दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून घारी हेच तिचं काम झालंय, हे तू बघतेसच. पहाटे जेवणाचा डबा, कॅमेरा, छत्री, आणि छत्री धरायला मी. बंदरावर बसायचं. घार पाण्यावर झेपावते, मासा उचलते आणि क्रेनच्या वरून निघून जाते, तेवढं टिपायचं. रविवारी तो व्हिडिओ तुला यायचा.

जानेवारीत तू लिहिलं होतंस, "आई, किती हलतंय गं, माझं डोकं गरगरलं," आणि पुढे हसरे चेहरे. आम्हीही हसलो. वारा होता, असं आई म्हणाली. त्यानंतरच तिने लॅपटॉपचा विषय काढला. मला वाटलं, हौस आहे, असू दे.

फेब्रुवारीत, आपल्या नवीन वर्षाची गर्दी ओसरल्यावर आम्ही बसने तैपेईला गेलो, ग्वांगह्वाच्या संगणक बाजारात. तुझ्या कॉलेजच्या वेळी आलो होतो तेव्हापासून मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. आई मात्र महिनाभर अभ्यास करून आली होती. मेमरी किती हवी, ग्राफिक्स कार्ड वेगळं का हवं, स्क्रीनचे रंग खरे आहेत हे कसं ओळखायचं, सगळं तोंडपाठ. पहिल्या दुकानातला माणूस माझ्याशीच बोलत राहिला. मी म्हटलं, "बाबा रे, मी हमाल आहे. विचारायचं ते हिला विचार." तरी तो माझ्याकडेच बघून बोलायला लागला, तेव्हा आई सरळ चालू लागली.

दुसऱ्या दुकानात त्साय नावाचा माणूस होता, चाळिशीतला, गोल चेहऱ्याचा, बोलका. म्हणाला, "मावशी, हा बघा. कागदासारखा पातळ. पर्समध्ये टाका आणि डोंगरावर जा." मी उचलून पाहिला. खरंच, आत काही भरलंय की नाही अशी शंका यावी इतका हलका. आईची पाठ दुखते, बंदरापर्यंतचा चढउतार तुला माहीत आहे. मी म्हटलं, हाच घेऊ. तर आई म्हणते, "म्हाताऱ्या माकडा, तुला उचलायचाय, मला वापरायचाय. गप बस." त्साय खो खो हसला. मग तिने स्वतःचा एक फोटो त्याच्यावर उघडायला लावला आणि भुवया आवळल्या. "ही घार आहे हो, भाजलेलं बदक नाही. एवढी लाल कुठून झाली?" त्सायने रंगांची सेटिंग बदलून पाहिली, तरी घार काही तिच्या मनासारखी तपकिरी होईना. त्याने दुसरा काढला, मग तिसरा. तिसऱ्यावर ती बराच वेळ पंखांच्या टोकाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हा खरं बोलतो."

मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात तिने विचारलं, "आणि व्हिडिओ हलत असेल, तर ते हलणं काढून टाकायला ह्याला किती वेळ लागतो?"

त्साय म्हणाला, "मावशी, त्यापेक्षा तिपाई घ्या ना. कॅमेरा वर ठेवला की झालं."

"घार काय तिपाईला विचारून वळते? तिच्या मागे हातच फिरवावा लागतो," आई म्हणाली, आणि तिने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला.

यिंग, त्यातला व्हिडिओ आधीच्या आठवड्यातला होता. मी शेजारी बसून छत्री धरली होती, म्हणून सांगू शकतो. पाऊस थांबत आला होता, वारा अजिबात नव्हता, पाणी तेलासारखं सपाट. आणि दुकानाच्या त्या मोठ्या पडद्यावर अख्खं बंदर थरथरत होतं. जहाजं, क्रेन, समोरची टेकडी, सगळं. मधे घार कुठेतरी सापडायची आणि निसटायची. त्साय म्हणाला, "बोटीतून काढलंय का हो? मला इथे उभ्या उभ्या बोट लागायला लागली."

आई हसली. "हो, बोटीतूनच. ह्यांची बोट होती ना."

मी बोट सोडून किती वर्षं झाली ते तुला माहीत आहे. ती पडद्याकडे बघत खोटं बोलली, आणि तिचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. घरापासून तो खिशातच होता. बसचं कार्ड तिने डाव्या हाताने टेकवलं होतं. मग एकेक आठवायला लागलं. नवीन वर्षाच्या जेवणात तिने खायच्या काड्या सोडून चमचा घेतला होता, दात दुखतोय म्हणाली होती. तुझ्याशी बोलताना हल्ली फोन फुलदाणीला टेकवून ठेवते, हातात धरत नाही. तू एकदा चिडलीसही, आई, तुझं नुसतं कपाळ दिसतंय म्हणून. मी तिथे उभा राहून भिंतीवरच्या जाहिराती वाचत राहिलो. एकही अक्षर डोक्यात शिरलं नाही.

त्सायने तो तुकडा आधी त्या तिसऱ्या, हलक्याच लॅपटॉपवर लावला. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी मुंगीसारखी सरकत होती. यंत्र इतकं तापलं की त्याने वरून हात फिरवला आणि झटकन काढून घेतला. मग म्हणाला, "थांबा, राक्षस काढतो," आणि खालच्या फळीवरून एक जाडजूड काळा लॅपटॉप वर आणला. त्याचा चार्जरच विटेएवढा. सुरू केला तर पंख्याची घरघर माझ्या इंजिनरूमची आठवण करून देणारी. पण आईने पाण्याची बाटली तोंडाला लावून घोट घेईपर्यंत काम झालेलं. "चौकटीच्या कडा जरा कापल्या जातात हं मावशी, त्याला इलाज नाही," त्साय म्हणाला. "कापल्या जाऊ देत," आई म्हणाली. मग त्याने व्हिडिओ चालवला, आणि बंदर थांबलं. जहाजं जागच्या जागी उभी राहिली. पडद्याच्या मधोमध घार, खऱ्या तपकिरी रंगाची, पंख पसरून सावकाश खाली आली, पाय पुढे केले, मासा उचलला, आणि पाण्याचे थेंब गळताना दिसले. एकेक थेंब. आईने पडद्याजवळ तोंड नेलं. तुझ्या जन्माच्या वेळी नर्सने तुला तिच्या कुशीत ठेवलं होतं, तेव्हा तिने असंच बघितलं होतं.

मी म्हटलं, "हाच बांधा."

ती माझ्याकडे वळली. "आणि वजन? पाठ कुणाची मोडणार?"

"माझी. मला दुसरं काम काय आहे?"

परतीच्या बसमध्ये ते धूड माझ्या मांडीवर. बोगदा संपला, बाहेर आपला ओळखीचा पाऊस सुरू झाला, तेव्हा तिने उजवा हात खिशातून काढून त्या खोक्यावर ठेवला. खोक्यावर बोटांचा टकटक आवाज यायला लागला. तिने थांबवला नाही. म्हणाली, "दिसलं ना तुला?" मी म्हटलं, दिसलं. "मग विचार की." मी खोकं मांडीवर सावरत राहिलो, तर तिनेच सांगितलं. शरदात ती मैत्रीण मेई-ह्वेबरोबर गरम झऱ्यांवर जाते असं सांगून गेली होती, ती खरं तर हॉस्पिटलात गेली होती. एकटी. कंपवात आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचा हळू चालणारा दिसतोय, औषध घ्या, रोज चाला, हाताला काम देत राहा. आई म्हणाली, "किती पोरांना सुया टोचल्या मी. सगळे म्हणायचे, हिचा हात हलका, टोचलेलं कळत नाही. आता मला माझं बटण लावता येत नाही." मग दरडावून, "यिंगला कळवलंस तर बघ. ती कामधाम टाकून विमानात बसेल, आणि मग माझ्याकडे पेशंटसारखी बघेल. तशा नजरेने मी स्वतः सगळ्यांकडे बघितलंय, मला ठाऊक आहे ती." मी न कळवण्याचं कबूल केलं.

तेव्हापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर तो राक्षस बसला आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो. खरं सांगू, मजा यायची. माउस तिने इतका मंद करून ठेवलाय की हात थरथरला तरी बाण जागेवर राहतो. नेमकं कापायचं असेल तेव्हा ती म्हणायची, "आता!" आणि मी बटण दाबायचो. उशिरा दाबलं म्हणून शिव्या खायचो. मध्यंतरी एकदा घार घरट्यासाठी कुणाचा तरी रबरी हातमोजा घेऊन आली. मला तो तुकडा ठेवायचा होता, आईला नको होता. अर्धा दिवस आम्ही बोललो नाही. हातमोजा राहिला, तू पाहिलास. तू लगेच लिहिलंस, "आई, काय सुंदर! नवा कॅमेरा घेतलास का?" तो मेसेज तिने खालच्या नूडलवालीलाही दाखवला.

आणि त्याच आठवड्यात तुझा दुसरा मेसेज आला. ऑक्टोबरात इथे तुमच्या लग्नाचं जेवण आहे, त्यासाठी योनासने तैपेईचा एक फोटो-व्हिडिओवाला ठरवलाय, कामात तरबेज आहे. "आई, त्या दिवशी तू कॅमेऱ्याला हात लावायचा नाहीस. नटून बसायचं, राणीसारखं." तू प्रेमाने लिहिलंस, मला कळतं. कोणतीही शहाणी मुलगी हेच लिहील. आईने "छान केलंस" असं उत्तर पाठवलं, फूल पाठवलं, लॅपटॉप मिटला आणि त्याच्यावर टॉवेल टाकला. तो अजून तसाच आहे. आम्ही पुन्हा टेबलावर जेवायला लागलो. बंदरावर जाऊया म्हटलं की पाऊस आहे म्हणते. आपल्या गावात कुणी असं कारण देतं का? काल मी न राहवून विचारलं, एवढं दमदार यंत्र घेतलंस, घारींची पिल्लं बाहेर पडायची वेळ आली, मग आता काय झालं? ती भांडी पुसत होती. मागे न बघता म्हणाली, "तुला काय वाटलं, ते घारींसाठी घेतलं? घारी हलल्या तर हलल्या असत्या. मला पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ काढायचा होता."

म्हणून हे पत्र. दिलेला शब्द मी मोडलाय, आणि घरी गेल्यावर मासे ओट्यावर ठेवून तिला तसं सांगणारही आहे. ती भांडेल. भांडू दे, टॉवेल टाकल्यापासून ती भांडलेलीही नाही. तुझ्याकडे एकच मागणं आहे. पत्र मिळेल त्या दिवशी फोन कर. आजाराचं विचारशीलच, पण ते दुसऱ्यांदा. आधी विचार, आई, माझ्या लग्नाचा व्हिडिओ तू काढशील का. तो तैपेईचा माणूस येऊ दे, त्याचं काम तो करेल, जेवूनही जाईल. तिच्या एका बाजूला मी उभा राहीन आणि बटण दाबायचं तेव्हा दाबेन. हात ऑक्टोबरात कसा असेल ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही, म्हणून आत्ताच विचार. पहिल्यांदा ती नको म्हणेल, आता झेपत नाही म्हणेल, लोक हसतील म्हणेल. फोन ठेवू नकोस. पुन्हा विचार.

तुझाच,
पा