लाल पिकअप

दि. ५ जून

चि. थोरल्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सगळं ‘मजेत’ म्हणतोस, तर मजा कसली ते एका ओळीत तरी लिहायचंस. मी नवी पिकअप सांगून आलोय, लाल. म्हटलं, घ्यायची तर भाच्याच्याच कारखान्यातली. विक्रेता सांगत होता की या गाड्या यंत्रंच रंगवतात, माणसाचा हात लागत नाही. मी विचारलं, मग माझा भाचा तिथे यंत्रांना वारा घालतो का?

तुला परदेशी नेणारा एजंट हल्ली रोज चहाला येतो. धाकट्यालाही तिकडेच लावतो म्हणतो. स्वच्छ हवा, धुळीचा कण नाही. ताई हरखून गेलीय. पण परवा फोनवर तू बोलता बोलता थांबत होतास. मी आयुष्यभर इंजिनं कानाने ओळखली आहेत. खरं काय ते लिही, मगच धाकट्याचं ठरवतो.

जीव लावणारा,
मामा

दि. १९ जून

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमच्या कानांपुढे इलाज नाही. हे आईला वाचून दाखवू नका.

यंत्रं बाहेरचा पत्रा रंगवतात. दारांच्या खाचा, आतले कोपरे आम्ही बाहेरदेशची माणसं वाकून फवारतो. पाहुणे यायचे असले की नवे मास्क वाटतात, ते गेले की काढून घेतात. परवा तर आम्हालाच टायरांच्या गोदामात कोंडलं आणि आमचे डगले कारकुनांना घालून फोटो काढले. माझा डगला घातलेला कारकून नंतर साबणाने हात घासत म्हणाला, तुम्हा लोकांना वास कसा येत नाही?

पांढरी गाडी चालू असली की थुंकी पांढरी, निळी असली की निळी. बेसिनपाशी आम्ही एकमेकांना विचारून हसतो, आज तुझा कुठला रंग? लाल गाडीच्या दिवशी कुणी हसत नाही. रंग की रक्त, ते कळत नाही.

धाकट्याला पाठवू नका. मलाही परतायचंय, पण पासपोर्ट एजंटाच्या इथल्या माणसाने दाबून ठेवलाय.

आहे तसाच लोभ ठेवा.
थोरला

दि. ६ जुलै

चि. थोरल्यास अनेक आशीर्वाद.

दुकानात पिकअपच्या त्या चकचकीत दारावरून मी कौतुकाने हात फिरवला होता. तुझं पत्र वाचलं आणि तोच हात धोतराला पुसत बसलो. किळस जाईना.

एजंट आला. मी गोडीत म्हटलं, धाकटा एकटा बिचकतो, तुमचाही मुलगा सोबत द्या. तो पटकन बोलून गेला, नको, त्याची छाती नाजूक आहे. ताई आत भांडी विसळत होती. ती बाहेर आली, त्याच्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि मोरीत ओतला. तुझं पत्र वाचून दाखवायची गरज पडली नाही.

मग मी जुना टेम्पो त्याच्या ऑफिसच्या दारात आडवा लावला. सांगितलं, बंद पडलाय, भाचा येऊन बघेल तेव्हाच सुरू होईल. गिऱ्हाइकं विचारतात काय झालं, मी सविस्तर सांगतो. आज त्याचा निरोप आला, पासपोर्ट तुझ्या हातात दिलाय म्हणून. तू दारात दिसेपर्यंत टेम्पो हलणार नाही.

पिकअप रद्द केली. विक्रेत्याने विचारलं, रंग आवडला नाही का? नाही म्हणालो.

लवकर ये.
मामा