मिशीवाल्याला शोधा

त्र्यावना, १२ सप्टेंबर

प्रिय बोझानाताई,

आधी सांगून टाकतो, नाहीतर मांजराची पिल्लं आणि हवापाणी लिहिण्यातच पान संपवीन. बाबा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी थडग्यावरच्या प्रार्थनेला गावातलं कुणी आलं नाही, ते माझ्यामुळे. आई तुला फोनवर म्हणाली असेल की गाव विसरलं. गाव विसरलं नाही गं. गावाला कळलंच नाही.

फोनवर बोललो असतो, पण आई अगदी चिकटून बसते. म्हणून पत्र. शुद्धलेखन बघू नकोस, माझ्या मास्तरांनीही बघायचं सोडलं होतं.

तू स्पेनला परत गेलीस, त्यानंतर आई आणि मी चाळिसाव्याच्या बोलावण्याचे कागद गावभर चिकटवले. तोच फोटो, आपल्या गेटवर काढलेला, मिशीत हसताना. खाली तारीख, वेळ, दफनभूमी. कमानी पुलावर, घड्याळाच्या मनोऱ्याखाली, जुन्या शाळेच्या दारावर, चर्चच्या भिंतीला. आईनं तोंडी कुणाला सांगितलं नाही. कशाला सांगेल? कागद होते ना.

आणि पर्यटकांच्या पोरांसाठीचा माझा शनिवारचा खजिना-शोध नेमका त्याच रस्त्यानं. माझी चिठ्ठी पुलाच्या दगडात, दुसरी मनोऱ्याच्या पायरीखाली, तुला माहितीये. शेवटी ज्याला खजिना सापडेल त्याला बाबांनी कोरलेला अक्रोडाचा छोटा सूर्य. बाबा खोकाभर कोरून ठेवून गेलेत.

त्या शनिवारी हॉलंडची दोन कुटुंबं होती. आपली अक्षरं त्यांना कुठली वाचता यायला? एक लाल वेण्यांची पोरगी पुलावर थबकली, बाबांच्या फोटोवर बोट ठेवून मला विचारते, "खजिना यानं लपवलाय का?"

ताई, माझं तोंड तुला माहितीये. डोक्याच्या आधी चालतं.

"हो," म्हणालो. "हाच तो. एक नंबरचा बेरकी माणूस. गावभर लपून बसतो. जो याला धरून आणेल त्याला सूर्य!"

मग काय! पोरं सुटली. त्यांचे आईबापसुद्धा पळत होते. "सापडला! शाळेच्या दारावर आहे!" "इथे पण आहे, मनोऱ्याखाली!" "अरे, चर्चमध्ये लपलाय लबाड!" मीही मागून ओरडत होतो, सोडू नका, फार चपळ आहे तो! इतका हसलो, इतका हसलो. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. तासभर बाबा जिकडे तिकडे सापडत होते गं.

शेवटी पोरांनी सगळे कागद आणून माझ्या हातात दिले. एकूण एक. काही कोपऱ्यांत फाटलेले. वेणीवाली म्हणाली, "आता खरा दाखव."

मी म्हटलं, "आज त्याची सुट्टी आहे."

उद्या परत लावू, असं मनात होतं. खरंच होतं. गोंदाची बाटली घेऊन पुलापर्यंत गेलोसुद्धा. पण बाबांचा चेहरा भिंतीवर धरून वरून हात फिरवायला लागलो, आणि जमेना. पोरांच्या हातात तो नुसता लपलेला होता. परत चिकटवला की मेलेला. घरी आलो. म्हटलं, गाव केवढंसं, माहितीच असेल सगळ्यांना.

आईनं थडग्याशी वाटायला मोठं पातेलं भरून गहू शिजवले, वर साखर, अक्रोड. एवढे पाव भाजले, राकिया दारूच्या बाटल्या मीच उचलून नेल्या. थडग्याशी कोण, तर पाद्रीबाबा, आई, मी, आणि स्ताना मावशी, ती पण आईला पातेलं नेताना बघून मागे आलेली. आई फाटकाकडे बघत राहिली.

"जरा थांबा हो. यांचा जुना जोडीदार गेंचो येईल. गुडघे दुखतात त्याचे."

"नेदाबाई, मला पुढे बाप्तिस्मा आहे," पाद्रीबाबा म्हणाले.

"मग म्हणा हो, प्रार्थना म्हणा."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं मी. तेवढ्या माणसांत तिनं दोन-दोनदा गहू वाटले. उरलेले आम्ही घरी खातोय, संपता संपत नाहीत.

अजून एक आहे. हे लिहायचं नव्हतं. सोमवारी गेंचोकाकांनी बाबांच्या कोरीवकामाच्या कारखान्यातून हाक मारली. "ए माकडा, इकडे ये. मिंचोचं चाळिसावं झालं म्हणे? तीस वर्षं एका बाकावर छिन्नी मारली आम्ही, आणि मला एक कागद दिसू नये?"

मी म्हणालो, "घरच्या घरी केलं काका. आईची तशी इच्छा होती."

बघ, आईवर ढकललं मी.

ते म्हणाले, "बरं. नेदाला बरं वाटलं असेल तसं," आणि पाठ करून कामाला लागले. पण छिन्नीचा आवाज काही आला नाही.

काल पुलावर आई आणि ते समोरासमोर आले. त्यांनी टोपी काढली. आई पाण्याकडे बघत निघून गेली. घरी येऊन म्हणते, "सहा महिने झाल्यावरचा कागद लावायचा नाही. कुणासाठी लावायचा? या गावात तुझ्या बापाचं माणूस म्हणून एक तूच निघालास, लेकरा." आणि माझ्या ताटात आणखी गहू वाढले.

मी खाल्ले, ताई.

सांगावं तर तिच्याकडे मी पण उरणार नाही. न सांगावं तर गेंचोकाका असेच टोपी हातात धरून उभे राहणार. मला काही सुचत नाही. तू मोठी आहेस. शिव्या दे, पत्रातून दे, पण कुणाला सांगू नकोस. तुझ्या नवऱ्याला नको, स्ताना मावशीला नको, आईला तर मुळीच नको. हात जोडतो. रविवारी फोन करशील तेव्हा आवाज नेहमीसारखाच ठेव, ती लगेच ओळखते.

तुझा,
मोमचिल