भेटीचे वार

शुक्रवार, ९ ऑगस्ट
दुपार

तीर्थरूप ताईंना,
भावजयीचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलणं जमत नाही, म्हणून पत्रच बरं. गुडघा कसा आहे? नातसुनेला आठवा लागलाय असं लिहिलं होतंत, आत्तापर्यंत बातमी आलीही असेल. दोघं सुखरूप असोत.

इकडे ठीक. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी मांजर पाळलंय. खातं त्यांच्याकडे आणि झोपतं आमच्या खिडकीत. मी शिवणकाम पुन्हा थोडं सुरू केलंय. मशीनला तेल दिलं, तरी कुरकुरते. माझ्यासारखीच.

ताई, आमच्या घरात वार कसे असायचे ते तुम्ही पाहिलंय. हे थिएटरात ऑपरेटर, म्हणून आमचा आठवडा शुक्रवारी सुरू व्हायचा. नवा पिक्चर लागणार, पहिल्याच खेळाला फिल्म तुटायला नको, या काळजीने हे सकाळपासून कोणाशी धड बोलायचे नाहीत. चहा समोर निवून जायचा. सोमवारी घरी आले की एकच शब्द, 'चाललाय' नाहीतर 'पडला'. बुधवारी सुट्टी. त्या दिवशी स्वयंपाकघरात घुसून मी चिरलेल्या कांद्यालाही नावं ठेवायचे. आणि शनिवार माझा. गिऱ्हाईक दारात उभं आणि मी अजून काजं करतेय. डोळे मिटून सांगितला असता मी वार.

यांना झटका आला आणि सगळे वार एकमेकांत कालवले गेले. तोंड धुवायचं, भरवायचं, कूस बदलायची, चादर बदलायची, की पुन्हा कूस. पाठीला जखम होऊ नये म्हणून सगळी धडपड. एकदा आमची लेक आली तेव्हा मी विचारलं, "आज कशी काय रजा काढलीस?"

"आई, रविवार आहे," ती म्हणाली.

आम्ही दोघी हसलो. मग ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून आत बसली.

तुम्ही मागच्या खेपेला आलात तेव्हा हे असंच होतं, पण तुम्ही होतात म्हणून मी नीटनेटकी वावरत होते. निघताना तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "माझ्या भावाला परक्यांच्या हाती देऊ नकोस." मी म्हटलं, "नाही देणार." तेव्हा मनापासूनच म्हटलं होतं.

मे महिन्यात आम्ही पडलो. आम्ही म्हणजे हे पडले आणि खाली मी. पलंगावरून खुर्चीत बसवत होते, माझ्या कमरेत कळ आली आणि हात सुटला. यांना लागलं नाही, पण मला उठता येईना आणि यांना तर येतच नाही. फोन पलंगावर. हाका मारल्या, तर शिक्षिकाबाई बाहेर गेलेल्या. दुपारभर आम्ही फरशीवर पडून होतो, एकमेकांकडे तोंड करून. इतक्या जवळून मी यांचा चेहरा कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. रोज पुसायचे, पण पाहत नव्हते.

मी यांचा हात घट्ट धरला होता. थोड्या वेळाने हे म्हणाले, "सोड."

यांना आता मोजकेच शब्द येतात, आणि तेही कधी भलत्या जागी. मी हात सोडला. तर पुन्हा म्हणाले, "सोड." डोळे माझ्यावरच होते.

संध्याकाळी शिक्षिकाबाई आल्या, त्यांनी चौघांना बोलावून आम्हाला उचललं. डॉक्टरांनी माझ्या कमरेचा फोटो काढला आणि लेकीला बाहेर नेऊन बोलले. ती आत आली ती ठरवूनच. "आई, तूही पडलीस तर मी कुणाकुणाला उचलू?"

तर ताई, फिरवून फिरवून इथे आले. हे आता घरी नाहीत. गावाबाहेर एक शुश्रूषागृह आहे, तिथे यांना ठेवलंय. जूनपासून. मागच्या महिन्यात तुम्ही फोनवर विचारलंत, "काय करतोय माझा भाऊ?" आणि मी म्हटलं, "झोपलेत." समोर पलंग रिकामा होता. गादी गुंडाळून ठेवलेली.

जागा स्वच्छ आहे. खिडकीतून झाडं दिसतात. माणसं वाईट नाहीत. भांग मात्र उलट्या बाजूला पाडतात, सांगूनही.

भेटायचे वार दोन, गुरुवार आणि रविवार. पहिल्या गुरुवारी हे माझ्याकडे बघेनात, भिंतीकडे तोंड. मी दूध भरवायला गेले तर ओठ मिटून घेतले. त्या रविवारी मात्र प्यायले. त्यानंतर माझ्या साडीचा पदर मुठीत धरून ठेवू लागले. निघताना एकेक बोट सोडवावं लागतं.

आणि मला वार परत मिळाले. सोमवारी घरात शांत वाटतं. बुधवारी मी उद्यासाठी यांचे सदरे इस्त्री करते. शनिवारी एखादं गिऱ्हाईक येतं. मागच्या शुक्रवारी जाग आली आणि कॅलेंडर न बघता मला कळलं, आज शुक्रवार. अंथरुणात पडल्या पडल्या मला बरं वाटलं ताई. खरोखर बरं वाटलं. मग उठून तोंड धुताना आरशात बघवेना.

एवढ्यावर थांबले असते, तर तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं झालं असतं.

काल गुरुवार. मी गेले तर हे झोपलेले. यांचं सगळं करणारी बाई म्हणाली, "काल दिवसभर दाराकडे तोंड करून होते. परवाही तसंच. मी सांगते हो, आज नाही यायच्या, आज बुधवार. पण त्यांना काय कळतंय? त्यांना रोजच तुमचा वार."

म्हणजे बघा, माझे ते कालवलेले वार यांच्याकडे गेले. यांना कोणताच दिवस वेगळा उरला नाही. रोज वाटच.

ती बाई मोठ्या सिस्टरांशी बोलली होती. त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "नियम आहे, पण तुमच्यासाठी बाजूला ठेवू. रोज दुपारी येऊन तुम्ही भरवत जा. उचलायचं काही नाही, नुसतं भरवायचं. पेशंट खुलेल."

किती चांगुलपणाने बोलत होत्या. मी पटकन हो म्हणायला हवं होतं. दुसरी कोणीही म्हणाली असती. मी म्हटलं, "घरी विचारून सांगते." घरी कोण आहे विचारायला? सिस्टर तरीही 'बरं' म्हणाल्या, आणि मी बसमध्ये येऊन बसले.

आज शुक्रवार. मशीनवर एक झबलं अर्धं पडलंय आणि मी तुम्हाला लिहितेय. अजून मी सिस्टरांना कळवलेलं नाही. त्या फरशीवर हे 'सोड' म्हणाले, ते मला मोकळं करायला म्हणाले, असं मी स्वतःला सांगत आलेय. कदाचित नुसता हात दुखत असेल. तुम्ही यांना माझ्याआधीपासून ओळखता. तुम्हाला काय वाटतं?

रागाचं असलं तरी उत्तर पाठवा. तुम्ही पाठवाल ते मी वाचेन. आणि गुडघा साथ देत असेल तर या. कोणत्याही वारी आलात तरी हे वाट बघतच असतील.

वचन न पाळलेली,
तुमची भावजय