शनिवारचं लोखंड

शनिवार, संध्याकाळ

खिशात मावणारी पक्कड आज आली. तिच्यातच चाकू, स्क्रूड्रायव्हर, सगळं. पण शनिवारी लोखंड घरात घेत नाहीत, म्हणून सासूबाईंनी ती बाहेर ओट्यावरच ठेवायला लावली. मग मीही तिथंच बसले. चाकू इतका घट्ट की उघडताना अंगठ्याचं नख मोडलं. मोडू दे. मोरीतला नळ गळतोय म्हटलं की ह्यांचं एकच, "बघतो." म्हणून तर मागवली.

एवढ्यात सासूबाईच बाहेर आल्या. ढिल्या काडीचा चष्मा पुढं केला. "घरात तर आणलं न्हाईस ना? मग हितंच आवळ की."

आवळली. नख अजून दुखायलंय. नळ मात्र घरात आहे. उद्या रविवार, लोखंडाला घर मोकळं. आता ह्यांनी नुसतं बघायचं.