चापात अडकलेलं कुंकू

नवागाम, सुरत

ती. अण्णांस सुभद्रेचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे आणि वहिनींची साखर कुठवर आली, हे आधीच विचारून घेते, कारण पुढे मला इतका राग येणार आहे की ते राहून जाईल. इकडे आम्ही बरे आहोत. म्हणजे मी बरी आहे आणि तुमचे मेहुणे स्वतःला बरे समजतात.

विषय ह्यांच्या रिव्हॉल्व्हरचा आहे. (दचकू नका, सगळे जिवंत आहेत.) हे लूमच्या कारखान्यात असताना कामगारांचे पगार बँकेतून आणायचे म्हणून परवाना मिळाला होता. पुढे पगार परस्पर जमा व्हायला लागले, हे निवृत्त झाले, पण कमरेवरचं ते ओझं काही उतरलं नाही. सकाळी दूध आणायला जातानाही ते हवं. स्वसंरक्षण! कोणापासून, तर दिंडोलीच्या वळणावरच्या कुत्र्यांपासून, आणि ती बिचारी आजवर फक्त दुधाकडे बघत आली आहेत.

हल्ली ह्यांचं म्हणणं असं की चाप कडक झालाय. शेजारच्या ललितने (मोबाइलवरच्या व्हिडिओंतून सर्व विषयांत पारंगत) लगेच उपाय काढला. "काका, ट्रिगर हलका करवा लो, एकदम मक्खन!" शिवाय मूठ रबराची बसवायची आणि वर लाल लेझर. मी म्हटलं, हलका चाप कमरेला लावून चप्पल घालायला वाकलात तर चोराचं काही जाणार नाही, तुमचा पाय जाईल. तर म्हणाले, "तुले काय समजस? तू नन लोकेसनी शायमा शिकेल!" अण्णा, त्या नन लोकांनी पट्टीला कधी लेझर लावला नाही. नुसती पट्टी टेबलावर दिसली की वर्ग गार व्हायचा. (तुम्ही नगरपालिकेच्या शाळेत शिकून फौजदार झालात, मी कॉन्व्हेंटात शिकून ह्यांच्या पदरी पडले. शिक्षणाचा काही भरवसा नाही.)

खरी गोष्ट मला आधीपासून ठाऊक होती. दिवाळीपासून ह्यांना अडकित्ता दाबता येत नाही. सुपारी निसटून कपाटाखाली जाते, मग हे म्हणतात सुपारीच निब्बर. तेव्हापासून हे आंघोळीला गेले की मी सुपारी कातरून डबीत भरून ठेवते, आणि हे ऐटीत डबी उघडून आल्यागेल्याला वाटतात. शर्टाची वरची बटणंसुद्धा "फॅशन म्हणून" उघडी असतात. या वयात!

तरी मनात एक वेडी आशा होती. दसऱ्याला पाटावर कात्री, अडकित्ता, विळी आणि रिव्हॉल्व्हर एका ओळीत मांडून मी सगळ्यांना हळदकुंकू लावते, वर तेलाचं बोट. इतक्या वर्षांचं कुंकू आत जाऊन घट्ट बसलं असेल तर? देवा, माझंच कुंकू असू दे, असं म्हणत मी ह्यांच्याबरोबर बंदुकीच्या दुकानात गेले. ललितही लेझरचे फोटो घेऊन हजर.

दुकानदाराने चाप हलका करायला साफ नकार दिला. म्हणाला, कायद्यात बसत नाही आणि शहाणपणातही बसत नाही. हे रागावून ललितबरोबर समोर चहाला गेले. तेवढ्यात दुकानदाराने रिव्हॉल्व्हर रिकामं करून, उघडून, पुसून बघितलं आणि माझ्यापुढे धरलं. "बेन, तमे दबावी जुओ." मी एका बोटाने दाबलं. टक्! कुंकू वरवरचं होतं. आत काहीही नव्हतं.

अण्णा, इतकं वाईट मला ह्यांच्या निवृत्तीच्या निरोप समारंभातही वाटलं नव्हतं.

हे परत आले तेव्हा मीच आधी बोलले. म्हटलं, माझं कुंकू आत जाऊन बसलंय, चाप त्यानेच अडतो. दुकानदार भला माणूस. त्याने माझ्याकडे बघितलं आणि "हा काका, बहु कुंकू छे" म्हणाला. रिव्हॉल्व्हर सफाईसाठी तिथेच ठेवून घेतलं. रस्ताभर हे मला बोलत होते, अडाणी म्हणाले, अंधश्रद्धाळू म्हणाले. इतकं खुशीत मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मी प्रत्येक शब्दाला मान डोलावत चालले. (हे वहिनींना सांगू नका, त्यांचा विश्वास बसणार नाही.)

बाकी सर्व ठीक. मुलांना आशीर्वाद.

तुमची,
सुभद्रा

ता. क. रिव्हॉल्व्हर पुढच्या आठवड्यात परत मिळेल. त्याआधी या. येताना तुमचा जुना फौजदारी आवाज आणा आणि परवाना मानाने परत करायला सांगा. हाताबद्दल अवाक्षर नको. मग गुडघा दाखवायचा म्हणून ह्यांना सोबत डॉक्टरकडे न्या. ह्यांचा हात दाखवायचं तिथे जमेल.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात हे आले. अडकित्ता माझ्यापुढे ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "याले बी तूच कुकू लावं व्हतं ना? हाऊ बी कडक व्हयी गया." म्हणजे डबीत सुपारी कोण भरतं, हे त्यांना कधीचं ठाऊक होतं, आणि दुकानातलं माझं कुंकूही त्यांनी ओळखलं होतं! फौजदारी आवाज घरीच राहू द्या, अण्णा. नुसते या, गुडघ्यासकट.