निरोग्यांच्या ओळीतला सतरावा

प्रिय दादा,

फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस. मध्येच वेल्डिंगच्या ठिणग्या तरी उडतात, नाहीतर तुझे विनोद. म्हणून कागद घेतला, कागदाच्या मध्ये तुला तोंड घालता येणार नाही. वाचताना वहिनीला शेजारी बसव.

दीड महिन्यापूर्वी तू आमच्या लॅबमध्ये आला होतास. मधुमेहात मूत्रपिंडं थकू लागली की रक्तात त्याच्या खुणा कशा दिसतात, हा आमचा अभ्यास. ताडून बघायला रुग्णांच्या संख्येइतकी धडधाकट माणसं हवी होती आणि चाळिशी ओलांडलेला एक कमी पडत होता. मी सहज बोलले आणि तू चक्क दुकान बंद करून उपाशीपोटी हजर! सुईला घाबरणारा तू, हात पुढे करून छताकडे बघत राहिलास. मग बिस्किटांचा अख्खा पुडा फस्त केलास. पायावर पाय टाकून बसलास तेव्हा मोज्याचा वळ केवढा खोल उमटलेला दिसला, त्यावरून मी तुला हसले. ते हसणं आता मलाच खुपतंय.

दादा, पंधरा वर्षं हे काम करतेय, तरी रक्तापुढे मी अजून थक्क होते. नळी गरगर फिरवली की लाल खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी उरतं. त्यातले दोन थेंब पिवळ्याधमक द्रवात टाकायचे. मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचं ते आतच साठत असेल, तर पिवळ्याचा नारिंगी होत जातो. आणखी दोन थेंब दुसऱ्या औषधात घालून उकळत्या पाण्यात धरायचे. शरीराला आतून जेवढा गंज चढला असेल, तेवढी नळी गुलाबी होते. गंज हा शब्द आमच्या पुस्तकातला नाही, तुझा आहे. गेट रंगवून चकचकीत दिसलं तरी गंज रंगाखालून धरतो, हे तूच मला शिकवलंस. माणूस ठणठणीत आहे म्हणतो, आणि चार थेंब निमूटपणे खरं सांगून मोकळे होतात. आणि तो गुलाबी इतका सुंदर असतो म्हणून सांगू!

नळ्यांवर नावं नसतात, नुसते नंबर. निरोग्यांच्या ओळीत सगळ्या नळ्या फिक्या, एकटी सतरा नंबरची गुलाबी. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. नव्या नळ्या घेतल्या, पुन्हा उकळलं. तीनदा केलं, तिन्हीदा गुलाबी. नारिंगीही गडद, आणि साखर तर विचारूच नकोस. वैतागून मी आमच्या मोठ्या बाईंना म्हणाले, हा सतरा नंबर कोण नग आहे कोण जाणे, माझी सगळी ओळ नासवली, काढून टाका त्याला. बाईंनी कपाटातली नावांची वही काढली. नाव वाचलं आणि वही माझ्याकडे फिरवली.

मूत्रपिंडं थकलीत, संपलेली नाहीत. बाईंनी मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे सोमवारी सकाळची वेळ घेतलीय. आत्ता मनावर घेतलंस तर थोपवता येईल, असं दोघांचंही म्हणणं आहे. टाळलंस तर काय होतं, ते मी शेजारच्या वॉर्डात मशीनला जोडलेल्या माणसांत रोज बघते.

काल निरोग्यांच्या ओळीतला सतरावा नंबर मी माझ्या हाताने खोडला, तेव्हा आठवलं. त्या दिवशी निघताना तू दारात वाकून बूट चढवत होतास, सुजलेला पाय आत जात नव्हता. मान वर न करताच विचारलंस, नापास झालो तर कळवशील ना? मी म्हणाले, चल, तू कसला नापास होतोस! दादा, तू मला मदत करायला आलाच नव्हतास. तुला शंका होती, डॉक्टरकडे जायचा धीर नव्हता, म्हणून धाकट्या बहिणीकडे आलास. तू विचारलं होतंस, म्हणून कळवतेय. नापास झालायस. सोमवारी ये, फेरपरीक्षेला मी शेजारी बसते.

तुझंच,
शेंडेफळ